लुडाइट आणि कॅप्टन स्विंग: यंत्रं दोघांनीही फोडली, पण दुखणं वेगळं होतं

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये ज्यांनी ज्यांनी यंत्रं फोडली, त्या सगळ्यांना आपण सरसकट लुडाइट म्हणून मोकळे होतो. त्यात ‘कॅप्टन स्विंग’च्या नावाने उठलेले 1830 चे शेतमजूर विनाकारण झाकले जातात.

आधी लुडाइट. मार्च 1811 मध्ये नॉटिंगहॅमजवळच्या अर्नोल्ड गावात मोजे विणायचे माग फोडले गेले. हे हातमाग काही नवे नव्हते. तसल्या मागांवर कारागिरांच्या कित्येक पिढ्या जगल्या होत्या. राग होता तो मालकांच्या नव्या धंद्यावर. रुंद मागावर सलग कापड विणायचं, कापून त्याचे मोजे शिवायचे, नीट न शिकलेल्या पोरांकडून काम उरकून घ्यायचं आणि दर पाडायचे. म्हणून फोडतानाही निवड असे: ठरलेला दर देणाऱ्या मालकाचे माग बरेचदा शाबूत राहत. यॉर्कशरची गोष्ट मात्र निराळी. तिथे लोकरी कापडाची लव कातरणाऱ्या कसबी कारागिरांचं कामच नवी यंत्रं खात होती. त्यातच नेपोलियनशी युद्ध, बंद पडलेला व्यापार आणि महागलेलं धान्य. रात्री तोंडं झाकून, शपथा घेऊन हे लोक निघत आणि पत्रांवर ‘जनरल लुड’ अशी सही करत. असा कुणी सेनापती प्रत्यक्षात नव्हता.

‘कॅप्टन स्विंग’ही असाच, फक्त धमकीच्या पत्रांतला. पण त्या नावामागे उभी असलेली माणसं दक्षिण इंग्लंडची शेतमजूर होती. त्यांच्याजवळ ना कसब म्हणून मिरवावं असं काही, ना मोलभाव करायची ताकद. हिवाळ्यात शेतावर दुसरं काम नसे. काठीने धान्य झोडपून होणारी मळणी हाच त्या महिन्यांचा आधार होता. मळणीयंत्राने तोच काढून घेतला आणि घर पॅरिशच्या, म्हणजे गावच्या चर्चच्या हद्दीतून गरिबांना मिळणाऱ्या, तुटपुंज्या मदतीवर आलं. विल्टशरमध्ये मजुरी आठवड्याला सात-आठ शिलिंग होती. मागणी होती दिवसाला दोन शिलिंगची. 28 ऑगस्ट 1830 च्या रात्री केंटमधल्या लोअर हार्ड्रेस इथे पहिलं मळणीयंत्र फुटलं. शेतमालकांच्या गवताच्या आणि धान्याच्या गंजी रात्रीच पेटवल्या जात, पण नोव्हेंबरपर्यंत मजुरांचे जमाव दिवसाढवळ्या शेतामागून शेत फिरू लागले होते. मला सगळ्यात बोलकं वाटतं ते हे की काही ठिकाणी शेतमालकच त्यांच्या बाजूने बोलले: चर्चचा दशांश कर आणि जमिनीचा खंड कमी करा, मग आम्ही मजुरी वाढवतो. लुडाइटांना गिरणीमालकांकडून अशी साथ मिळणं शक्यच नव्हतं.

शिक्षा दोघांनाही भयंकर झाल्या. 1812 मध्ये माग फोडण्याला फाशीची शिक्षा ठरली. कवी बायरनने संसदेच्या लॉर्ड्स या वरिष्ठ सभागृहातल्या आपल्या पहिल्याच भाषणात तिला विरोध केला, पण उपयोग झाला नाही. जानेवारी 1813 मध्ये यॉर्कला सतरा जण फासावर गेले. त्यांतले तिघे गिरणीमालक विल्यम हॉर्सफॉलच्या खुनासाठी. स्विंगच्या मजुरांनी तर कुणाचाही जीव घेतला नव्हता. तरी एकोणीस जणांना फाशी झाली आणि सुमारे पाचशे जणांची बायकापोरांपासून ताटातूट करून त्यांना ऑस्ट्रेलियाला हद्दपार करण्यात आलं. हा अन्याय मला अधिक घोर वाटतो.

मात्र परिणाम पाहिला तर पारडं उलटं फिरतं. कापडधंद्यातली यंत्रं थांबली नाहीत. दक्षिणेतल्या अनेक शेतांवर मळणीयंत्र पुन्हा यायला बरीच वर्षं जावी लागली.