पार्श्वभूमी : उंची हाताशी नसते तेव्हा

छोटं विमान कमी उंचीवरून उडताना कोसळलं की पहिला प्रश्न ठरलेला, 'इंजिन बंद पडलं का?' बरेचदा इंजिन ठणठणीत असतं. दगा देतात ते पंख.

वेग उतरला किंवा नाक फार वर गेलं, की पंखाला चिकटून वाहणारी हवा सुटते आणि उचल एकदम घटते. हा स्टॉल. वळणात तो लवकर गाठतो. उंची न सोडता ६० अंश कलून वळलं तर पंखांवर दुप्पट भार येतो. सरळ उडताना ४५ नॉटला (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) स्टॉल होणारं विमान मग ६३-६४ नॉटलाच हात टेकतं. ओळखीच्या गच्चीभोवती आवळून घातलेली घिरटी अंगाशी येते ती अशी.

त्यात एका पंखाची उचल आधी गेली की विमान गरगरत खाली येतं, म्हणजे स्पिन. विमानविद्येच्या सुरुवातीला ते म्हणजे मरणच. २५ ऑगस्ट १९१२ रोजी इंग्लंडमध्ये विल्फ्रेड पार्क या नौदल अधिकाऱ्याने गरगरण्याच्या उलट बाजूचा रडर (शेपटीवरचं सुकाणू) दाबून जमिनीपासून जेमतेम ५० फुटांवर विमान सावरलं. त्याच डिसेंबरात तो दुसऱ्या अपघातात गेला. सुटकेची रीत मात्र मागे राहिली. पण तिला उंची लागते. सेस्ना १५२ हे शिकाऊ वैमानिकांचं छोटं विमान एका गिरकीतून बाहेर येईतो हजारेक फूट खाते.

आपल्याकडे हा विषय घरोघरी पोहोचला २३ जून १९८० रोजी. सफदरजंग विमानतळावरून उडालेलं पिट्स एस-२ए हे कसरतीचं छोटं विमान दिल्लीवर कमी उंचीवर कसरती करताना पडलं. संजय गांधी आणि कॅप्टन सुभाष सक्सेना दोघेही गेले.

डोळ्यांनी बघून उडणाऱ्यांसाठी नियम साधा आहे : मोकळ्या भागात जमिनीपासून किमान ५०० फूट, दाट वस्तीवर जवळच्या सर्वांत उंच अडथळ्याहून १,००० फूट वर. उतरणं-उडणं यातून वगळलेलं.

पुण्यात मात्र एक गोम आहे. आल्टिमीटर, म्हणजे उंची दाखवणारा काटा, सहसा समुद्रसपाटीवर लावलेला असतो आणि लोहगावची धावपट्टीच १,९०० फुटांच्या वर आहे. काटा २,५०० दाखवतो तेव्हा हडपसरच्या छपरांवर सहाशेच्या आसपास फूट उरलेले असतात. तोच काटा तसाच ठेवून सासवडच्या दिशेने निघालं, तर दिवे घाटाचा माथा विमानाच्या वर असतो.