जुळे सोलापुरात अडकलेलं डिझेल

माझ्या मेहुण्याचा अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा छोटा कारखाना आहे आणि घर जुळे सोलापुरात. दीडेक वर्षापूर्वी त्यानं डिझेलची नवी एसयूव्ही घेतली. गाडी म्हणजे डिझेल, हे त्याच्या डोक्यात वडिलांच्या जीपपासून बसलेलं. चार-पाच महिन्यांनी समोरच्या काट्यांमध्ये एक पिवळा दिवा लागला. डब्यात ठिपके भरल्यासारखं काहीतरी चित्र, आणि ते जायचं नाव घेईना. गॅरेजच्या मिस्त्रीनं बॉनेटसुद्धा उघडलं नाही. म्हणाला, "शेठ, पुणे रोडला घ्या आणि मोहोळपर्यंत जाऊन या. गिअर एक खाली ठेवा, मध्ये कुठं थांबू नका." मेहुण्याला वाटलं, हा चेष्टा करतोय. पण मोहोळहून परत येईपर्यंत दिवा विझला होता.

रिकाम्या गाडीला सत्तर किलोमीटर हिंडवून आणणं हा कसला इलाज? त्याचं उत्तर डिझेल कसं जळतं यात आहे.

पेट्रोल इंजिनात हवा आणि पेट्रोल ठरलेल्या मापात एकत्र येतात, एक किलो पेट्रोलला साधारण 14.7 किलो हवा, आणि स्पार्क प्लगच्या ठिणगीनं ते मिश्रण पेटतं. डिझेल इंजिनात ठिणगीच नाही. तिथं आधी नुसती हवा कोंडून तिच्या मूळ जागेच्या पंधराव्या-सोळाव्या हिश्शात दाबतात. दाबली की ती तापते, पाचशे अंशांच्याही वर जाते. मग त्या तापल्या हवेत डिझेलचा फवारा सोडायचा, तो आपोआप पेटतो. रुडॉल्फ डिझेल यांना या कल्पनेचं पेटंट 1893 मध्ये मिळालं आणि 1897 मध्ये त्यांचं इंजिन नीट चालून दाखवलं गेलं. हवा जास्त दाबता येते, म्हणून त्याच उष्णतेतून काम जास्त निघतं. शिवाय पेट्रोल गाडीत हवेचा रस्ता झडपेनं आवळावा लागतो, तसा इथं लागत नाही. हवा भरपूर येऊ द्यायची आणि डिझेल तेवढं कमी-जास्त करायचं. वर लिटरभर डिझेल लिटरभर पेट्रोलपेक्षा वजनदार, त्यात ऊर्जाही दहा-बारा टक्के जास्त. 'डिझेल अ‍ॅव्हरेज देतं' यामागं एवढं सगळं आहे.

घोळही इथंच आहे. ज्यांनी कंदील पाहिलाय त्यांना सांगायला नको, वात जास्त वर केली की काच काळी होते. तेल भरपूर आणि हवा अपुरी, म्हणून अर्धवट जळालेला कार्बन काजळी होऊन बसतो. डिझेलच्या फवाऱ्यात आतल्या बाजूला नेमकं हेच होतं. बाहेरच्या कडेला उलटी गत. तिथं हवा मुबलक आणि उष्णता दीड हजार अंशांच्या वर, त्यामुळे हवेतलाच नायट्रोजन ऑक्सिजनशी जुळतो आणि नायट्रोजनची ऑक्साइडं तयार होतात. एका फवाऱ्यात दोन दुखणी, आणि एकाचं औषध दुसऱ्याला बाधतं. धुराचा काही भाग परत इंजिनात फिरवून ज्वाला थंड केली की ऑक्साइडं घटतात आणि काजळी वाढते. ज्वाला तेज केली की काजळी जाते, ऑक्साइडं वाढतात.

पेट्रोलवाल्यांची यातून सुटका बऱ्यापैकी स्वस्तात झाली. त्यांच्या सायलेन्सरच्या वाटेवर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम यांचा पातळ थर दिलेली जाळी बसवतात. तिच्यावर कार्बन मोनॉक्साइड नायट्रोजन ऑक्साइडकडचा ऑक्सिजन हिसकावून घेतो, आणि दोन्ही विषं एका फटक्यात निकामी होतात. अट एकच, धुरात जादा ऑक्सिजन नको. डिझेलच्या धुरात तो नेहमीच शिल्लक असतो. फुकट मिळत असताना हिसकावून कोण घेईल? म्हणून ही जाळी डिझेलची ऑक्साइडं काढू शकत नाही. जी जादा हवा डिझेलला काटकसरी बनवते, तीच त्याची सफाई महाग करते.

1 एप्रिल 2020 पासून देशभर बीएस-6 लागू झालं, म्हणजे गाडीनं किती धूर सोडावा याच्या सरकारी नियमांची सहावी पायरी. बीएस-4 वरून थेट सहावर उडी, पाचवं आपण घेतलंच नाही. डिझेल कारच्या काजळीची मर्यादा किलोमीटरला 25 मिलिग्रॅमवरून 4.5 वर आली आणि नायट्रोजन ऑक्साइडची 250 वरून 80 वर. पेट्रोलला ऑक्साइडं 80 वरून 60. वर्षाला पंधरा हजार किलोमीटर धरले तर जुन्या नियमात डिझेल गाडीला पावणेचार किलो ऑक्साइडं सोडायची मुभा होती. आता सव्वा किलोच्याही आत. पेट्रोलची मुभा 900 ग्रॅम, म्हणजे कागदावर दोघींत उरलं वर्षाचं 300 ग्रॅमचं अंतर. एप्रिल 2023 पासून तर प्रयोगशाळेतल्या रोलरवरची चाचणी पुरत नाही, गाडीवर यंत्र चढवून खऱ्या रस्त्यावरही मोजमाप होतं. परदेशात 2015 मध्ये फोक्सवॅगनची लबाडी उघडी पडली होती. चाचणी चालू आहे हे ओळखून तेवढ्यापुरतं शहाण्यासारखं वागणारं सॉफ्टवेअर गाड्यांत निघालं. तेव्हापासून रोलरवरच्या आकड्यांवर कुणाचा विश्वास राहिला नाही.

(पंपाजवळच्या पीयूसी केंद्रात मात्र डिझेल गाडीच्या धुराचा फक्त काळेपणा पाहतात. नायट्रोजन ऑक्साइडं तिथं मोजलीच जात नाहीत. पीयूसी पास म्हणजे गाडी स्वच्छ, असं समजू नये.)

या मर्यादा गाठायला डिझेल गाडीच्या पोटाखाली छोटा रासायनिक कारखानाच बसवावा लागतो. इंजिन लहान असो की मोठं, त्याचा खर्च फारसा बदलत नाही. पंधरा-वीस लाखांच्या गाडीत तो खपून जातो, सात लाखांच्या गाडीत नाही. एप्रिल 2020 मध्ये मारुतीनं डिझेल गाड्या बंद केल्या त्यामागं हाच हिशेब होता. स्विफ्टपासून व्हिस्टापर्यंत कितीतरी गाड्यांत धावलेलं फियाटचं 1.3 लिटरचं इंजिनही तेव्हाच गेलं. मला त्याचं वाईट वाटतं. त्याचा खडखडाट लांबून ओळखू यायचा.

आता पिवळा दिवा. गाडीच्या पोटाखालच्या त्या रासायनिक कारखान्यातला महत्त्वाचा भाग म्हणजे काजळी अडवणारी गाळणी, डीपीएफ. मधमाश्यांच्या पोळ्यासारखी चिनी मातीच्या जातीची वीट, पण तिची भोकं आलटूनपालटून एका टोकाला बुजवलेली. धूर एका नळीत शिरतो, पुढं रस्ता बंद, मग सच्छिद्र भिंतीतून पाझरून शेजारच्या नळीत जातो. काजळी भिंतीवर राहते. काही शे किलोमीटरनंतर गाळणी भरत येते तेव्हा ती रिकामी करायचा मार्ग एकच, काजळी जाळणे. त्याला सहाशे अंशांच्या आसपास उष्णता लागते. गाडीचा संगणक थोडं जादा डिझेल फवारून ती गाठू पाहतो, पण त्यासाठी इंजिन सलग पंधरा-वीस मिनिटं बऱ्या वेगात चालायला हवं.

मेहुण्याचा रोजचा रस्ता आठ-नऊ किलोमीटरचा. आसरा चौकापासून सिग्नल, रिक्षा, हंगामात उसाचे ट्रॅक्टर. धूर तापतो न तापतो तोच कारखाना येतो आणि किल्ली बंद. जाळायला घेतलेलं काम अर्ध्यावर, दुसऱ्या दिवशी परत पहिल्यापासून. अशा अर्धवट खेपांत जादा फवारलेलं डिझेल ऑइलमध्येही उतरतं आणि ऑइल पातळ होतं. मिस्त्रीनं मोहोळला पाठवलं ते देवदर्शनाला नव्हे, भट्टी पेटवायला. गाडी विकणाऱ्यानं यातलं चकार शब्दानं सांगितलं नव्हतं.

ऑक्साइडांसाठी बऱ्याच डिझेल गाड्यांत वेगळी टाकी असते. तिच्यात 32.5 टक्के युरिया आणि बाकी शुद्ध पाणी. ट्रकवाले त्याला सरळ युरियाच म्हणतात. तापल्या धुरात त्याचा अमोनिया होतो आणि अमोनिया ऑक्साइडांचा पुन्हा साधा नायट्रोजन करतो. शेतातला युरिया बादलीत कालवून ओतायचा मोह आपल्याकडे होऊ शकतो, पण त्यातल्या अशुद्धीनं महागडी जाळी कायमची जाते. गंधकाचंही तसंच. ते या जाळ्यांना चालत नाही, म्हणून नियमांबरोबर इंधनही बदलावं लागलं. गंधकाची मर्यादा दहा लाखांत 50 भागांवरून 10 वर आली.

पैशाचं बोलू. मेहुण्याच्या वडिलांचा हिशेब त्यांच्या काळात चुकीचा नव्हता. 2012 च्या सुमारास पेट्रोल-डिझेलच्या भावात लिटरमागं तीसेक रुपयांची तफावत होती. ऑक्टोबर 2014 मध्ये डिझेलचे भाव खुले झाले आणि ती मजा संपली. आज समजा पेट्रोल 105 रुपये, डिझेल 91, पेट्रोल गाडी लिटरला 16 चालते आणि डिझेल 20. किलोमीटरमागं वाचतात दोन रुपये. डिझेल गाडी दीड लाखानं महाग असेल तर ते पैसे वसूल व्हायला 75,000 किलोमीटर लागतात. हैदराबाद-पुणे करणारा व्यापारी ते तीन वर्षांत उडवतो. नवी पेठ आणि घर एवढंच करणाऱ्याला साडेसात-आठ वर्षं लागतील, तीही गाळणीनं साथ दिली तर.

पेट्रोलला म्हणून लगेच हार घालू नका. त्याची जाळीही थंड असताना झोपलेली असते. तीनेकशे अंश गाठेपर्यंत, म्हणजे पहिलं मिनिट-दोन मिनिटं, धूर जवळजवळ तसाच बाहेर पडतो. कोपऱ्यावरून दूध आणायला काढलेली कार त्या दृष्टीनं सगळ्यात घाणेरडी. वरच्याच आकड्यांनी पाहिलं तर कार्बन डायऑक्साइडमध्ये डिझेल उलट थोडं सरस, किलोमीटरला 130 ग्रॅमच्या आसपास, तर पेट्रोल 145 च्या. आणि आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. साखर कारखान्यांच्या आपल्या जिल्ह्याला ते गोड वाटणारच. पण लिटरभर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या दोन तृतीयांशच ऊर्जा, त्यामुळे निव्वळ ऊर्जेच्या हिशेबानं लिटरमागं सहा-सात टक्के घट येते. अ‍ॅव्हरेज थोडं पडलं तर लगेच मिस्त्रीला शिव्या नकोत.

काजळीचा विषय मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं 2012 मध्ये डिझेलच्या धुराला कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमात, हवेची मानकं न गाठणाऱ्या शहरांच्या यादीत सोलापूरचं नाव आहे. गाळणीचा त्रास नको म्हणून ती कापून काढून 'मोकळी' करून देणारे लोक भेटतात. तसं केलेली नवी गाडी काजळीच्या बाबतीत वीस वर्षं मागं जाते, आणि मागच्या दुचाकीवरचं पोर ते ओढतं.

मला विचाराल तर ज्याची गाडी आठवड्यातून एकदाही शहराबाहेर तासभर पळत नाही, त्यानं आता डिझेल घेऊ नये. पेट्रोल घ्यावं, पंप जवळ असेल तर सीएनजी. पंढरपूर, विजापूर, पुणे ज्याचं चालूच असतं, त्याला डिझेलसारखी गाडी नाही.

मेहुण्याला हे दीड वर्ष उशिरा सांगून उपयोग नव्हता. गाडी विकायला तो तयार नाही. त्यानं त्याच्या पद्धतीनं तोडगा काढलाय, दर मंगळवारी सकाळी तुळजापूर. पंचेचाळीस किलोमीटर जाणं, तेवढंच येणं, दिवा परत लागलेला नाही. नवस नक्की कुणासाठी चाललाय, हे माझी बहीण त्याला दर सोमवारी रात्री विचारते.