सत्ता बदलली की रानवाटा बंद होतात का?

अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष बदलला की सार्वजनिक जमिनींवरील जीप-मोटरसायकलींच्या कच्च्या वाटा एका रात्रीत बंद होतात किंवा खुल्या होतात, असा समज वर्षानुवर्षे फिरत आहे. धोरणाचा कल सत्तेबरोबर बदलतो, हे खरे. परंतु १९६४ च्या कायद्याने संरक्षित केलेल्या रानातील मोटारवाहनांवरची सर्वसाधारण बंदी तेथील संसदेच्या कायद्यानेच उठू शकते, आणि राष्ट्रीय वनांत २००५ च्या नियमाने कोणती वाट कोणत्या वाहनाला, कोणत्या महिन्यांत खुली, हे ठरवण्याचे काम लोकांची मते मागवून स्थानिक पातळीवर करण्याचे ठरले. ही प्रक्रिया बरीच संथ असते. वणव्यासारख्या प्रसंगी मात्र स्थानिक अधिकारी वाट तात्काळ बंद करू शकतात, आणि अशा बंदीला राजकीय कारण चिकटवणे सोपे असते. म्हणून जाण्यापूर्वी त्या वनाचा मोटारवाहन-वापर नकाशा, जो विनामूल्य मिळतो, आणि तात्पुरत्या बंदीच्या सूचना अवश्य पाहाव्यात.