इटलीच्या लाल वाइन

इटलीत वाइनला नाव देण्याची एकच रीत नाही, आणि नवख्याचा गोंधळ तिथूनच सुरू होतो. बारोलो हे गावाचे नाव, बार्बेरा हे द्राक्षाच्या वाणाचे, तर अमारोने हे चवीवरून पडलेले. मोंतेपुल्चानो हे नाव तर गावाचेही आहे आणि वाणाचेही. तोस्काना प्रांतातल्या मोंतेपुल्चानो गावची ‘व्हिनो नोबिले’ प्रामुख्याने सांजोवेसे द्राक्षांची असते. आब्रुत्सो प्रांतातली ‘मोंतेपुल्चानो’ मात्र त्याच नावाच्या वेगळ्या वाणापासून बनते. दोघींचे नाते फक्त नावापुरते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हा देश लहानमोठ्या राज्यांत विभागलेला होता. प्रत्येक खोऱ्याने आपले वाण, आपली पिंपे आणि आपले जेवण सांभाळले. आजही शेकडो स्थानिक वाण तिथे लागवडीखाली आहेत.

लाल वाइनचा रंग द्राक्षाच्या सालीतून येतो. बहुतेक काळ्या द्राक्षांचा रस मुळात फिकाच असतो. तो साल आणि बियांसकट आंबवला की रंग उतरतो आणि त्याबरोबर टॅनिनही. पिकलेले जांभूळ खाल्ल्यावर जीभ जशी ओढल्यासारखी होते, तसा तुरटपणा या टॅनिनमुळे येतो. किती दिवस सालीबरोबर ठेवायचे, कोणत्या लाकडात मुरवायचे, द्राक्षे ताजी वापरायची की सुकवून, या निर्णयांनी एकाच वाणाच्या वाइन एकमेकींपासून ओळखू न येण्याइतक्या दूर जातात. हे नीट पाहायचे असेल तर वाल्पोलिचेल्ला हा सर्वांत चांगला धडा आहे.

वाल्पोलिचेल्ला हा व्हेरोना शहराच्या उत्तरेचा डोंगराळ पट्टा. कोर्विना, कोर्विनोने आणि रोंदिनेल्ला ही इथली मुख्य द्राक्षे. अनेक बागांत वेली अजूनही मांडवावर चढवलेल्या दिसतात. ताज्या द्राक्षांपासून होणारी साधी वाल्पोलिचेल्ला हलकी असते, चेरीच्या वासाची, किंचित आंबट. ती लवकर प्यायची. पण निवडक घड शेतकरी बाजूला काढतात आणि हवेशीर माळ्यांवर लाकडी किंवा बांबूच्या फळ्यांवर एकेरी थरात पसरून ठेवतात. आपल्याकडे तासगावच्या बेदाणा शेडमध्ये जाळ्यांवर द्राक्षे पसरतात, तेच इथे थंड हवेत आणि फार सावकाश चालते. फरक असा की बेदाण्यासाठी द्राक्ष पुरते सुकू देतात आणि इथे मधेच थांबतात. तीन-चार महिन्यांत वजन तीस ते चाळीस टक्क्यांनी घटते, साखर दाटते, आणि हिवाळ्यात त्या सुरकुतलेल्या मण्यांचे गाळप होते.

आंबण्याची क्रिया अर्ध्यावर थांबली तर साखर उरते आणि गोड ‘रेचोतो’ मिळते. हिचे नाव व्हेरोनाकडच्या बोलीतल्या ‘कान’ या अर्थाच्या शब्दावरून आले असे मानतात: घडाच्या वरच्या बाजूंना कानांसारखी जी टोके असतात, त्यांना ऊन जास्त मिळते, म्हणून तीच निवडत. सुकवलेल्या द्राक्षांच्या या वाइनचे वर्णन सहाव्या शतकात कास्सिओदोरुस या रोमन प्रशासकाने आपल्या पत्रात केले आहे, म्हणजे रीत किमान दीड हजार वर्षांची. सगळी साखर आंबून गेली तर ‘अमारोने’ होते. इटालियन ‘अमारो’ म्हणजे कडू, आणि अमारोने म्हणजे मोठी कडू. गोड रेचोतोचे एक पिंप विसरले गेले आणि त्यातली साखर पूर्ण आंबून गेली, अशी तिच्या जन्माची गोष्ट तिथे सांगतात. अमारोनेत मद्यार्क किमान १४ टक्के असतो, प्रत्यक्षात अनेकदा १५-१६. सुक्या अंजिराची, कोकोची, चेरीच्या अर्काची आठवण देणारी ही भरदार वाइन आहे, आणि जेवणाबरोबर तिला झेलणारा पदार्थही तेवढाच जड लागतो. २०१० पासून तिला डीओसीजी हा सर्वोच्च दर्जा आहे. चौथी वाइन रिपास्सो. अमारोने काढून झाल्यावर उरलेल्या चोथ्यावर साधी वाल्पोलिचेल्ला पुन्हा ओतून आंबवतात. चोथ्यात राहिलेला रंग, साखर आणि वास तिला मिळतो. एकाच टेकडीवरची द्राक्षे, आणि बाटल्या चार प्रकारच्या.

पिएमोन्ते प्रांतात स्थिती उलटी आहे. तिथली सारी भिस्त एकाच वाणावर आहे: नेब्बिओलो. नावाचा संबंध शरद ऋतूत टेकड्यांवर उतरणाऱ्या धुक्याशी, ‘नेब्बिआ’शी जोडला जातो. हे द्राक्ष उशिरा, बहुधा ऑक्टोबरात पिकते. वाइनचा रंग फिका असतो, वर्षांनी विटकरी होतो, आणि पाहणाऱ्याला ती दुबळी वाटते. पहिला घोट हा समज मोडतो: तुरटपणा आणि आंबटपणा दोन्ही तीव्र, वासात गुलाब आणि डांबर. याच वाणाची बारोलो ३८ महिने मुरवल्याशिवाय विकता येत नाही आणि त्यातले १८ महिने लाकडात जावे लागतात. शेजारच्या बार्बारेस्कोला २६ महिने पुरतात. बारोलोतसुद्धा ला मोर्रा गावाकडची वाइन मऊ आणि सुवासिक, सेर्रालुंगाकडची कडक आणि दीर्घायुषी. हा मातीचा फरक आहे आणि तो चाखून समजतो.

लाकडावरून इथे १९८०च्या दशकात मोठे भांडण झाले. जुनी पिढी हजारो लिटरच्या, क्रोएशियातल्या स्लाव्होनियन ओक लाकडाच्या पिंपांत वाइन वर्षानुवर्षे ठेवत असे. तरुणांना २२५ लिटरचे लहान फ्रेंच पिंप, ‘बारिक’, हवे होते; त्यात वाइन लवकर मऊ होते आणि व्हॅनिलाचा वास घेते. एलिओ आल्तारे या तरुण उत्पादकाने वडिलांची जुनी पिंपे यांत्रिक करवतीने कापून टाकली, तर जुन्या वळणाच्या बार्तोलो मास्कारेल्लो याने लेबलवर ‘ना बारिक, ना बेर्लुस्कोनी’ (हे इटलीचे पंतप्रधान झालेले राजकारणी) असे लिहून आपली बाजू सांगितली. आज बहुतेक उत्पादक मध्यम मार्गावर आहेत, पण माझ्या मते नेब्बिओलोचा खरा वास मोठ्या जुन्या पिंपातच खुलतो. याच प्रांतातल्या बार्बेरा आणि दोल्चेत्तो रोजच्या जेवणाच्या वाइन. बारोलोची वाट पाहताना घरोघरी त्याच प्यायल्या जातात.

तोस्कानात सांजोवेसे वाणाचे राज्य आहे. किआन्ती या इथल्या वाइनच्या पट्ट्याच्या सीमा तोस्कानाचा ग्रँड ड्यूक कोसिमो तिसरा दे मेदिची याने १७१६ मध्ये फर्मानाने ठरवल्या, आणि बेत्तिनो रिकासोली या बागमालकाने १८७२ मध्ये तिचे मिश्रण पत्रात लिहून ठेवले. पांढरे माल्वासिया द्राक्ष त्याने फक्त लवकर प्यायच्या वाइनसाठी सुचवले होते. पुढे १९६७च्या नियमांनी मात्र पांढरी द्राक्षे मिसळणे सक्तीचेच केले, आणि गवताच्या वेष्टनातल्या बाटलीतली पातळ किआन्ती जगभर गेली. चांगल्या उत्पादकांनी बंड केले. बोल्गेरीच्या समुद्राकाठी कॅबरने सोव्हिन्यों हे फ्रेंच वाण लावून काढलेली सास्सिकाइया १९६८च्या हंगामापासून बाजारात आली. आन्तिनोरी या फ्लोरेन्सच्या वाइन घराण्याने १९७१च्या हंगामापासून तिन्यानेल्लो आणली. नियमांत न बसल्यामुळे या महागड्या वाइनवर ‘टेबल वाइन’ असे साधे लेबल लावावे लागे. १९९२च्या कायद्याने आयजीटी हा प्रदेशाचे नाव लावू देणारा नवा दर्जा दिला तेव्हा ही विसंगती कमी झाली. त्याआधी १९८६ मध्ये मिथेनॉल मिसळलेल्या भेसळीच्या वाइनने वीसहून अधिक माणसांचा बळी घेतला होता, आणि स्वस्त मालावर जगणाऱ्या साऱ्या उद्योगाला त्याने हादरवले. २००६च्या हंगामापासून किआन्ती क्लासिकोत, म्हणजे मूळ पट्ट्यातल्या किआन्तीत, पांढऱ्या द्राक्षांना बंदी आहे. काळा कोंबडा ही तिची खूण. शंभर टक्के सांजोवेसेची ब्रुनेल्लो दी मोंताल्चिनो कापणीनंतरच्या पाचव्या वर्षी बाजारात येते.

दक्षिणेकडे ऊन वाढते, पण वाइन सरसकट जड होत नाही. कांपानिया आणि बाझिलिकाताच्या ज्वालामुखी डोंगरांत आल्यानिको उशिरा पिकते आणि नेब्बिओलोइतकीच कणखर ठरते. सिसिलीत एतना ज्वालामुखीच्या उतारावर, हजार मीटरच्या आसपास, नेरेल्लो मास्कालेझे हे वाण लाव्हाच्या राखेत वाढते. रेताड राखेत वेलींची मुळे मारणारी फिलॉक्सेरा कीड टिकत नाही, म्हणून शंभरी ओलांडलेल्या वेली तिथे आहेत. पुलियाची प्रिमितीवो मात्र खरोखर उष्ण आणि मोरावळ्यासारखी दाट. डीएनए चाचण्यांनुसार ती आणि कॅलिफोर्नियाची झिनफँडेल एकच. आपल्या नाशिकच्या बागांतही ती याच दुसऱ्या नावाने लावली जाते.

मोदेना परिसरातली लाम्ब्रुस्को या साऱ्यांपेक्षा वेगळी: लाल आणि फेसाळ. गोड लाम्ब्रुस्को अमेरिकेत इतकी खपली की तिची प्रतिष्ठा गेली. कोरडी (गोड नसलेली), थंड केलेली सोर्बारा ही लाम्ब्रुस्को डुकराच्या खारवलेल्या मांसाबरोबर घ्यावी. चरबीचा तवंग जिभेवरून ती धुऊन काढते.

सांजोवेसे महाराष्ट्रातही पोचली आहे. सोलापूर जिल्ह्यात अकलूजजवळ इटालियन भागीदारांच्या फ्रातेल्ली कंपनीने ती लावली. तोस्कानात हिवाळ्यात वेल निष्पर्ण होऊन झोपते. इथे ती झोपतच नाही. म्हणून एप्रिलमध्ये नव्या फांद्यांसाठी खरड छाटणी, पावसाळा सरताना फळांसाठी गोडी छाटणी, आणि कापणी फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास, जेव्हा मोंताल्चिनोच्या टेकड्यांवर अजून एकही पान फुटलेले नसते.