वाख घातलेले हलके सिमेंट पॅनेल : घेण्याआधी वाचा

घर बांधताना मातीच्या गाऱ्यात भुसकट तुडवायची पद्धत मराठवाड्यात जुनीच आहे. आम्ही सिमेंटात घायपात आणि अंबाडीचा वाख घालतो, त्यामागचं कारणही तेच : वाळताना भेगा कमी पडाव्यात आणि पडलीच तर तुकडा सुटून खाली येऊ नये.

साधं काँक्रीट घनमीटरला 2,400 किलोच्या आसपास भरतं. फेस मिसळलेलं हलकं सिमेंट साधारण 400 ते 1,600 किलोत बसतं, पण ते ठिसूळ असतं. वाखाचे इंचभर तुकडे ही उणीव बरीच भरून काढतात. प्रमाण मात्र आकारमानाच्या एक ते तीन टक्केच. जास्त घातला की गोळे होतात आणि माल पोकळ राहतो. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपात दगडमातीच्या जाड भिंती आणि वरची जड माळवदं माणसांवर कोसळली. तेव्हापासून आपल्या भागात डोक्यावरच्या वजनाचा प्रश्न कुणाला समजावून सांगावा लागत नाही. तरी स्पष्ट सांगतो, या पॅनेलमुळे घर भूकंपरोधक होत नाही. ते काम कॉलम-बीमचं आणि इंजिनिअरचं.

“वाख कुजणार नाही का?” हा प्रश्न सगळे विचारतात आणि तो रास्त आहे. खरा शत्रू कूज नसून सिमेंटातला क्षार, म्हणजे अल्कली आहे. ओल्या सिमेंटाचा सामू (pH) 12.5 च्या वर असतो. त्यात वाखातलं लिग्निन, म्हणजे तंतू एकत्र धरून ठेवणारा पदार्थ, हळूहळू विरघळतं, पोकळीत चुना साचतो आणि धागा कडक होऊन तुटतो. म्हणून सिमेंटाचा काही भाग कमी करून आम्ही फ्लाय ॲश घालतो, परळीसारख्या औष्णिक केंद्रांत निघते ती राख. ती मोकळा चुना स्वतःकडे ओढून घेते. वाख आधी गरम पाण्यात धुतो, कारण त्यातली साखर राहिली तर सिमेंट वेळेवर धरत नाही. न धुतलेला वाख वापरून स्वस्तात माल देणारे भेटतील, तुमची मर्जी.

एवढं करूनही सतत ओलं-कोरडं होणारी जागा या मालाला मानवत नाही. आतलं पार्टिशन, फॉल्स सीलिंग, पत्र्याखालचा थर यासाठी खुशाल घ्या. न्हाणीघर, पाण्याची टाकी, स्लॅब यासाठी मागू नका, आम्ही देणार नाही. वाख सळईची जागा घेत नाही.

यात ॲस्बेस्टॉस अजिबात नाही. तरीही सिमेंटाची धूळ फुफ्फुसाला वाईटच, म्हणून कापताना पाणी मारा आणि तोंडाला मास्क बांधा. खिळा ठोकू नका, ड्रिलने भोक पाडून स्क्रू बसवा. कापलेल्या कडेला वाख उघडा पडतो. तिथून ओल आणि वाळवी दोन्ही शिरू शकतात. त्यामुळे कड त्याच दिवशी सिमेंटच्या घोळाने बंद करा.