मध्यकर्ण शस्त्रक्रियेतील पॅकिंग

कानाच्या पडद्याचे भोक बुजवताना किंवा कानातील हाडांची साखळी जुळवताना मध्यकर्णात (पडद्यामागच्या पोकळीत) आणि बाह्य कर्णनलिकेत काही काळासाठी भरले जाणारे साहित्य.

पडद्याचे भोक बुजवण्यासाठी बहुधा कानशिलाच्या स्नायूवरचे पातळ आवरण काढून त्याचे कलम करतात. हे कलम पडद्याच्या आतल्या बाजूला सरकवले, की त्याला खालून टेकू लागतो. नाहीतर ते पोकळीत ओघळते. टेकू म्हणून सर्वाधिक वापर जेलफोमचा, म्हणजे जिलेटिनच्या विरघळणाऱ्या स्पंजचा होतो. त्याचे बारीक तुकडे सलाइनमध्ये भिजवून, पिळून, सूक्ष्मदर्शकाखाली एकेक करून बसवतात. शरीर ते साधारण ४ ते ६ आठवड्यांत शोषून घेते. बाहेरून कलमावर पुन्हा जेलफोम आणि नलिकेत औषधी लेप लावलेली गॉजची पट्टी असते. ही पट्टी मात्र डॉक्टर काही दिवसांनी काढतात.

ऐकू येण्यासाठी पडद्यामागे हवा लागते. हवेऐवजी ओला स्पंज असेल तर पडदा आणि हातोडी, ऐरण, रिकीब ही तिन्ही हाडे मोकळी हलत नाहीत. म्हणूनच शस्त्रक्रियेनंतर कान पूर्वीपेक्षाही बंद वाटतो. ‘ऑपरेशन फसले’ या धास्तीने रुग्ण हवालदिल होतात. हे आधीच नीट समजावून सांगायला हवे. या काळात आंतरकर्ण शाबूत आहे का, हे ५१२ हर्ट्‌झचा नादकाटा कपाळावर टेकवून ताडता येते: आवाज शस्त्रक्रिया झालेल्या कानाकडे ओढला गेला, तर तो दिलासा असतो. खरा हिशोब २-३ महिन्यांनंतरच्या ऑडिओग्रामवर, म्हणजे श्रवणचाचणीच्या आलेखावर होतो. हवेतून आणि हाडातून ऐकण्यातला फरक २० डेसिबलच्या आत आला, तर निकाल सहसा चांगला धरतात.

स्पंज विरघळला तरी मागे काय राहते, हा कळीचा मुद्दा आहे. मध्यकर्णाचे ओलसर अस्तर, म्हणजे श्लेष्मल त्वचा, खरवडली गेली असेल, तर जिलेटिनभोवती तंतुमय ऊती वाढून पडदा समोरच्या हाडाला चिकटू शकतो, आणि मग कलम धरूनही ऐकू कमीच येते. हे चिकटणे टाळावे म्हणून हायलुरोनिक आम्लापासून केलेले साहित्य आले. अस्तर खरवडलेल्या पृष्ठभागांच्या मध्ये सिलिकॉनची पातळ चकतीही ठेवतात. ती विरघळत नसल्याने कधी दुसऱ्या टप्प्यात काढावी लागते. कूर्चेचे (कानाच्या लवचीक हाडाचे) कलम स्वतःच ताठ राहते, म्हणून काही सर्जन आतले पॅकिंग टाळतात किंवा अगदी कमी ठेवतात.

साहित्य कोणतेही निवडले, तरी घशाकडून मध्यकर्णात येणारी कंठकर्णनलिका हवा पोचवत नसेल तर पडदा पुन्हा आत ओढला जातो. साहित्याच्या निवडीइतकाच या नलिकेचा विचार शस्त्रक्रियेपूर्वी व्हायला हवा.

रिकिबीच्या शस्त्रक्रियेत पोकळी भरायचे कारण नसते. रिकिबीचे काम करण्यासाठी बसवलेल्या कृत्रिम दट्ट्याभोवतीची फट तेवढी चरबीच्या, शिरेच्या तुकड्याने किंवा रुग्णाच्याच रक्ताच्या थेंबाने बुजवतात.