किती एक्सचा? सुपरझूम कॅमेरा घेण्याआधी वाचायचं पत्रक

सुपरझूम कॅमेऱ्याची चौकशी करायला आलेल्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "किती एक्सचा आहे?" खोक्यावर ६५ एक्स, ८३ एक्स, १२५ एक्स असं ठळक छापलेलं असतं, तेव्हा तो प्रश्न येणारच. आमचा उलटा प्रश्न असा असतो की फोटो भर उन्हात काढणार, की उन्हं उतरल्यावर? अर्धीअधिक निवड तिथेच होते. आमच्या कोल्हापूरच्या दुकानात काउंटरवर गर्दी असली की हे सगळं सावकाश सांगणं जमत नाही, म्हणून छापून ठेवलं आहे. घरी न्या, वाचा, मग या.

एक्सचा हिशोब

एक्स हा नुसता भागाकार आहे. लेन्सची सर्वात लांबची फोकल लेंथ (लेन्स किती लांबचं जवळ आणते ते सांगणारा मिलिमीटरचा आकडा) भागिले सर्वात आखूड. निकॉन कूलपिक्स पी९५० ची लेन्स २४ ते २००० मिमी, म्हणून ८३ एक्स. कॅनन पॉवरशॉट एसएक्स७० ची २१ ते १३६५, म्हणून ६५. निकॉनचा पी१००० आणि त्याच्या मागून २०२५ मध्ये आलेला पी११०० हे दोघे २४ ते ३०००, म्हणजे १२५. सोनी आरएक्स१० मार्क ४ मात्र २४ ते ६००, म्हणजे जेमतेम २५. (हे सगळे मिलिमीटर जुन्या ३५ मिमी फिल्मच्या हिशोबातले आहेत. सगळ्या कंपन्या तसेच सांगतात, त्यामुळे एकमेकांशी ताडून बघायला हरकत नाही.)

आता गंमत बघा. पॅनासॉनिक एफझेड८२ हा ६० एक्सचा आणि सोनी एचएक्स४००व्ही ५० एक्सचा. गिऱ्हाईक ६० वर बोट ठेवतं. पण पहिल्याची लेन्स २० ते १२०० आणि दुसऱ्याची २४ ते १२००. लांबचं दोन्हींतून सारखंच दिसतं. जास्तीचे दहा एक्स जवळच्या टोकाला आहेत, म्हणजे महाद्वार रोडवरच्या गर्दीत किंवा घरातल्या कार्यक्रमात मागे सरकायला जागा नसते तेव्हा उपयोगी पडणारे. तेही कामाचे आहेत, पण तुम्ही ते घेत होता वेगळ्याच आशेने. म्हणून एक्स सोडा आणि मिलिमीटरचे दोन्ही आकडे विचारा. शेवटचा आकडा किती लांबचं ते सांगतो, पहिला किती रुंद ते.

डिजिटल झूमचा आकडा तर बघूच नका. त्यात लेन्स काहीच करत नाही, आहे तोच फोटो कापून ताणला जातो. मोबाइलवरचं "१०० पट" बहुतांशी याच जातीचं. कॅमेरा घेतल्या दिवशी मेनूत जाऊन डिजिटल झूम बंद करून टाका.

रंकाळ्यावर उभं राहून

अंतर मीटरमध्ये घ्या, त्याला ३६ ने गुणा आणि फोकल लेंथने भागा. फोटोत किती मीटर रुंदीचा तुकडा येईल ते कळतं. रंकाळ्याच्या काठापासून साठ मीटरवर छोटा पाणकावळा पंख पसरून बसलाय असं धरा. ६०० मिमीला ३.६ मीटरचा तुकडा दिसेल, आणि चोचीपासून शेपटीपर्यंत अर्ध्या मीटरचा तो पक्षी त्यात एक सप्तमांश जागा घेईल. २००० मिमीला तुकडा जेमतेम एक मीटरचा, म्हणजे पक्षी निम्मी चौकट भरतो. सकाळी साडेनऊच्या उन्हात हा सामना एकतर्फी आहे. पी९५० समोर सोनीचा फोटो लहानच दिसणार, आणि सोनी कितीतरी महाग असूनसुद्धा.

तोच पाणकावळा संध्याकाळी साडेसहाला बघा. तिथे चित्र पालटतं. ते का, हे कळायला सेन्सरकडे (प्रकाश टिपून फोटो बनवणारी आतली चिप) यावं लागतं, आणि त्याची माहिती खोक्यावर सर्वात बारीक अक्षरात असते.

पी९५०, पी१०००, एसएक्स७०, एफझेड८२ या सगळ्यांत १/२.३ इंची सेन्सर आहे. प्रत्यक्षात तो ६.२ बाय ४.६ मिमीचा, करंगळीच्या नखापेक्षाही लहान. आरएक्स१० मार्क ४ किंवा पॅनासॉनिक एफझेड१००० मार्क २ मध्ये ज्याला एक इंची म्हणतात तो सेन्सर येतो, १३.२ बाय ८.८ मिमीचा. क्षेत्रफळ साधारण चौपट. शिवाय पूर्ण झूमला सोनीची लेन्स एफ ४ पर्यंत (एफचा आकडा लहान, तितका प्रकाश जास्त) उघडते आणि पी९५० ची एफ ६.५ पर्यंतच, म्हणजे सोनीतून अडीच पटीहून जास्त प्रकाश आत येतो. दोन्ही गुणा. आपापल्या पूर्ण झूमला, तेवढ्याच वेळात, सोनीच्या सेन्सरवर सुमारे दहापट प्रकाश जमा होतो. पी१००० पूर्ण झूमला एफ ८ वर असतो, तिथे फरक आणखी वाढतो.

प्रकाश कमी पडला की कॅमेऱ्यापुढे दोनच वाटा राहतात. शटर जास्त वेळ उघडं ठेवायचं, तर पक्षी हलतो आणि आपला हातही. आयएसओ, म्हणजे प्रकाशाची संवेदनशीलता, वाढवायचा, तर लहान सेन्सरवर पिसांच्या जागी रंगांचा चिखल दिसतो. म्हणून संध्याकाळी सोनीच्या फोटोत पक्षी लहान असला तरी फोटो स्वच्छ येतो, आणि २००० मिमीचा मोठा पक्षी नुसताच मोठा असतो.

इतकं लांब पोचणारी लेन्स मोठ्या सेन्सरसाठी केली, तर ती खांद्यावरून न्यावी लागेल. लहान सेन्सर हीच या कॅमेऱ्यांची युक्ती आहे. ती फसवणूक नव्हे, पण तिची किंमत उजेडात मोजावी लागते.

तुमचं काम कोणतं?

चंद्र. हे सर्वात आधी, कारण व्हिडिओ बघून आलेले निम्मे लोक चंद्रासाठीच येतात. चंद्रावर ऊन पडलेलं असतं, त्यामुळे रात्र असली तरी तो उजेडातलाच विषय आहे आणि लहान सेन्सरला मुळीच जड जात नाही. ६०० मिमीला चंद्र चौकटीच्या उंचीचा पाव भागही भरत नाही, २००० ला पाऊण भरतो, ३००० ला तर वरखाली किंचित बाहेर जातो. आयएसओ १००, शटर १/२५० च्या आसपास, ट्रायपॉड आणि दोन सेकंदांचा टायमर. पौर्णिमेला खड्डे सपाट दिसतात, अष्टमीच्या आसपास सावल्या पडून उठून दिसतात. चंद्रच हवा असेल तर पी९५० घ्या. पी१००० चं वजन १.४ किलो आहे, पी९५० चं एक किलो. केवळ चंद्र चौकटीबाहेर जावा म्हणून एवढा भार उचलण्यात आम्हाला शहाणपणा दिसत नाही.

शाहू स्टेडियमवरचा फुटबॉल. पेठेपेठेतली मुलं सीझन सुरू झाला की येतात आणि सगळ्यांना "मोठा झूम" हवा असतो. गॅलरीतून ऐंशी मीटरवर ६०० मिमीला पाच मीटरचा तुकडा येतो, त्यात गोलकीपर आणि हेडर मारणारा दोघंही मावतात. २००० चं तिथे कामच नाही, त्यातून बॉल सापडतच नाही. लागतो तो पळत्या माणसावर टिकून राहणारा फोकस. आरएक्स१० मार्क ४ मध्ये फेज डिटेक्शन (हलत्या वस्तूवर झटकन बसणारा) फोकस आहे आणि तो सेकंदाला २४ फोटो काढतो. निकॉनचे हे कॅमेरे सेकंदाला सात काढतात, पण सात-दहा फोटो झाले की कार्डावर लिहायला थांबतात. गोल बहुधा तेव्हाच होतो. खासबागेतल्या दिव्याखालच्या कुस्तीला हेच लागू, तिथे तर अंतरही कमी.

राधानगरी-दाजीपूर. गवा बाहेर येतो तो पहाटे आणि सांजेला, झाडीच्या सावलीत, अंगाने काळा. लहान सेन्सरची याहून कठीण परीक्षा नाही. एक इंची घ्या, ६०० मिमी पुरतं. फुलपाखरांसाठीही सोनीच बरा, कारण पूर्ण झूमला तो ७२ सेंटिमीटरवर फोकस करतो. पी९५० ला तिथे किमान पाच मीटर लागतात, म्हणजे फुलपाखरू समोर आणि तुम्ही मागे मागे सरकताय.

पन्हाळ्याच्या तटावरून किंवा मसाई पठारावरून घिरट्या घालणाऱ्या घारी आणि ससाणे टिपायचे असतील, ऊन स्वच्छ असेल, तर पुन्हा लांब लेन्स. घेताना कॅमेऱ्यात झूम क्षणभर मागे घेणारं बटण आहे का ते बघा. एसएक्स७० आणि पी९५० दोन्हींत आहे. २००० मिमीला हरवलेला पक्षी त्याशिवाय पुन्हा सापडणं मुश्कील.

घरची सहल, मुलांचं गॅदरिंग, थोडे पक्षी, थोडा चंद्र, असं सगळं थोडं थोडं? मग एसएक्स७०. वजन सहाशे ग्रॅमच्या आसपास, गळ्यात दिवसभर राहतो. गॅदरिंगच्या अंधाऱ्या हॉलमध्ये तो रडेल, हे आताच सांगून ठेवतो.

गच्चीवरून जोतिबाचा डोंगर

हा हट्ट बरेच जण धरतात. शहरातून डोंगर सतरा-अठरा किलोमीटर. ३००० मिमीला सुमारे दोनशे मीटरचा तुकडा दिसतो, म्हणजे हिशोबाने देऊळ यायला हवं. येतं, पण पाण्याखाली बुडाल्यासारखं थरथरत. मधली तापलेली हवा आणि धूळ कोणतीच लेन्स पुसू शकत नाही. पाऊस संपल्यावर, ऑक्टोबरात, उजाडल्या उजाडल्या प्रयत्न करा. एप्रिलच्या दुपारी काढलेला फोटो घेऊन "लेन्स खराब आहे" म्हणत येऊ नका, ती खराब नसते.

हाताच्या थरथरीसाठी सगळ्यांत स्टॅबिलायझर असतोच. तरीही व्ह्यूफाइंडर असलेलाच कॅमेरा घ्यावा असं आमचं ठाम मत आहे. डोळ्याला टेकवलेला कॅमेरा स्थिर राहतो, आणि उन्हात मागचा स्क्रीन दिसत नाही. खिशातल्या ४० एक्सच्या कॅनन एसएक्स७४० ला व्ह्यूफाइंडर नाही, एवढ्यासाठी आम्ही तो पक्ष्यांसाठी सुचवत नाही.

गुलाल आणि पाऊस

कोल्हापुरात कॅमेरे मरतात ते या दोघांमुळे. सुपरझूमची लेन्स बाहेर येते तेव्हा सायकलच्या पंपासारखी हवा आत ओढते. जोतिबाच्या चैत्र यात्रेत ती हवा म्हणजे गुलाल. सासनकाठ्या नाचताहेत आणि तुम्ही झूम मागे-पुढे करताय, तर दिवसअखेर नळीच्या सांध्यांत गुलाबी रेघ दिसते, पुढच्या महिन्यात मोटर करकरते आणि एके दिवशी स्क्रीनवर लेन्स एरर. आरएक्स१० मार्क ४ आणि पॅनासॉनिक एफझेड३०० धूळ आणि शिंतोडे बऱ्यापैकी रोखतात. पी९५०, पी१०००, एसएक्स७० यांना तसं संरक्षण नाही. ते न्यायचेच असतील तर प्लास्टिकच्या पिशवीला लेन्सपुरतं भोक पाडून रबर लावा, एक झूम ठरवून तोच ठेवा, आणि मिरवणुकीपासून लांब, वाऱ्याच्या वरच्या अंगाला उभे राहा. घरी आल्यावर ब्लोअरने आणि ब्रशने बाहेरून साफ करा, तोपर्यंत लेन्स आत घेऊ नका. तोंडाने फुंकर तर मुळीच मारू नका.

जून ते सप्टेंबर बुरशीचे दिवस. कातडी किंवा कापडी बॅगेत बंद ठेवलेल्या कॅमेऱ्याच्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे उगवतात. वेगळी होणारी लेन्स निदान साफ तरी करता येते. इथे लेन्स अंगालाच जोडलेली, आतली काच साफ करायची तर अख्खा कॅमेरा उघडावा लागतो आणि बिल बघून लोक तो तसाच परत नेतात. उपाय स्वस्त आहे: घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा आणि सिलिका जेल. दाण्यांचा रंग उतरला की गरम करून पुन्हा वापरता येतात. कपाटात डांबरगोळ्या असतील तिथे कॅमेरा ठेवू नका. आठवड्यातून एकदा बाहेर काढून चार फोटो काढा.

डीएसएलआर घेऊ का?

वर्षभरात छंद वाढणार असं वाटत असेल तर जरूर. मात्र लहान डीएसएलआरवर (लेन्स बदलता येणारा कॅमेरा) ३०० मिमीची लेन्स लावली तरी पोच ४५० ते ४८० पर्यंतच जाते. पुढची लेन्स कॅमेऱ्यापेक्षा महाग.

वापरलेला घेताना

पी९०० (२०१५ चा) बाजारात अजून बराच फिरतो. लेन्स पी९५० सारखीच २४ ते २०००, पण त्यात रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेले, नंतर सुधारता येणारे) फोटो निघत नाहीत, हे भाव करताना लक्षात ठेवा. कुठलाही वापरलेला सुपरझूम हातात आला की आधी झूम टोकापर्यंत नेऊन परत आणा आणि कान देऊन ऐका. मग मोबाइलची बॅटरी लेन्समध्ये तिरकी मारून धागे आहेत का बघा. पांढऱ्या भिंतीचा एक फोटो काढून मोठा करा. एकाच जागी पुन्हा पुन्हा येणारा काळा ठिपका म्हणजे सेन्सरवरची धूळ. इथे सेन्सर बाहेरून पुसता येत नाही. नवा घेताना पक्कं बिल आणि भारतातल्या वॉरंटीचं कार्ड मागा. बिलाशिवाय स्वस्तात मिळणाऱ्या मालाची दुरुस्ती कंपनी वॉरंटीत करत नाही, आणि मग लोक आमच्याकडे येऊन हळहळतात.

जादा बॅटरी पहिल्याच दिवशी घ्या. झूमची मोटर आणि व्ह्यूफाइंडर मिळून बॅटरी खातात. निकॉनच्या लांब लेन्सवाल्यांत एका चार्जवर अडीचशे-तीनशे फोटो धरून चाला.

डेमो

डेमोचे कॅमेरे दुकानात असतात, पण दुपारी येऊ नका. दुपारी सगळेच चांगले दिसतात. संध्याकाळी पाचनंतर या, स्वतःचं मेमरी कार्ड आणा, ओळखपत्र काउंटरवर ठेवा आणि दुकानाबाहेरच्या रस्त्यावर हवे तेवढे फोटो काढा. समोरच्या तारेवरचा कावळा दिवे लागायच्या वेळेला टिपून बघा. कार्ड घरी नेऊन मोठ्या स्क्रीनवर बघा, घाई नाही. पावसाळ्यात डेमो दारातच मिळेल.